कोस्टारिका पाहायचंय, पण जावयांच्या खिशातून नको!

नागपूरच्या एका भगिनी लिहितात : ‘ऑगस्टमध्ये लेकीकडे ह्यूस्टनला जातो आहोत. नात तीन वर्षांची आहे. तिथून सगळे मिळून आठवडाभर कोस्टारिकाला जाऊ, असं जावई म्हणतात. आमचा भार त्यांच्यावर पडू नये असं वाटतं. पण पैसे पुढे केले की ते हात मागे घेतात. काय करावं?’

बाई, रोख पैसे हातात देऊच नका. तुम्हा दोघांची विमानाची तिकिटं तुम्ही काढा आणि दुपारचं जेवण व बसभाडं ही दोन खाती आपल्याकडे मागून घ्या. परकीय चलनाचं कार्ड इथूनच करून न्या, म्हणजे परस्पर चुकतं करता येईल. लेकीला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर बिल आलं की सगळ्यांसमोर ओढाताण व्हायची.

आता पहिली गोष्ट व्हिसाची. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा अनेकदा प्रवेशाचा, मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल तर कोस्टारिकासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. असे नियम बदलतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. परतीचं तिकीटही जवळ हवं, ते विचारतात.

कोरडे दिवस डिसेंबर ते एप्रिल, आणि भावही तेव्हाच चढे. मे ते नोव्हेंबर पावसाचे म्हणून स्वस्त. पण यातही एक खुबी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅसिफिकच्या बाजूला धो धो पाऊस असतो, तर पलीकडचा कॅरिबियन किनारा त्या मानाने कोरडा असतो. अमेरिकेतल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरलेली असते. तुमची नात अजून शाळेत जात नाही, हे तुमचं भाग्यच म्हणायचं! तेव्हा सप्टेंबर धरा आणि कॅरिबियन किनाराच करा. सात दिवसांत अख्खा देश पालथा घालण्याच्या नादात अर्धा वेळ घाटातल्या वळणांवर जातो.

दोन रात्री तोर्तुगेरोला आणि तीन-चार काउइताला ठेवा. तोर्तुगेरोला रस्ताच नाही; ला पावोनाच्या धक्क्यावरून होडीने कालव्यातून जायचं. काउइताला राजधानी सान होसेहून बस जाते. तिथलं राष्ट्रीय उद्यान समुद्राला लागूनच आहे आणि गावाकडच्या दारातून स्वेच्छेने देणगी देऊन आत जाता येतं. सपाट वाट, एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला माकडं आणि झाडाला लटकलेले आळशी स्लॉथ. खाऊची पिशवी मात्र उघडी टाकू नका, माकडं टपलेलीच असतात. भाड्याची मोटार घ्यायची झाली तर जाहिरातीतला आकडा खरा धरू नका. तिथे पोचल्यावर सक्तीच्या विम्याची रक्कम वर चढते.

जेवणाचं खातं तुमचं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. हॉटेलात न जेवता ‘सोदा’ शोधा. सोदा म्हणजे तिथली घरगुती खाणावळ. दुपारच्या ताटाला ‘कसादो’ म्हणतात, आणि कसादो म्हणजे चक्क ‘विवाहित’! भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोशिंबीर आणि पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. आपल्या राजेळीची आठवण येते. साधारण ३,५०० ते ५,००० कोलोनमध्ये पोटभर ताट येतं. डॉलरला सुमारे ५०० कोलोन धरा. शाकाहारी असाल तर नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे गोमांस एवढंच समजून कोंबडी वाढतील! ‘नी पोयो, नी पेस्कादो’, म्हणजे कोंबडीही नको, मासेही नको, असं पुढे जोडा. उसळीत चरबी घातली आहे का, तेही विचारा. सकाळचा ‘गायो पिंतो’ म्हणजे तोच भात आणि तोच घेवडा परतून. आपल्या फोडणीच्या भाताची बहीणच ती.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं तर स्वस्त पडतं, हे खरं. पण कोणाला स्वस्त? पोळपाट-लाटणं बरोबर नेलंत की तुमची सहल ओट्यापाशीच संपली म्हणून समजा. सकाळचा चहा, संध्याकाळी बाजारातली पपई नि अननस, नातीपुरता मऊ भात. याहून जास्त चूल पेटवायची नाही, असं निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून टाका. बिसलेरीची सवय असेल, पण तिथे बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी पितात. दुर्गम जागी तेवढं विचारून घ्या. डासांचं मलम मात्र विसरू नका.

तोर्तुगेरोच्या वाळूत जुलै ते ऑक्टोबर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ती रात्रीच पाहायची, तीही परवानाधारक वाटाड्याबरोबर. गडद कपडे घालायचे. कॅमेरा आणि मोबाईल मना. लहान मुलीला इतक्या रात्री नेण्यात अर्थ नाही. त्या रात्री नातीपाशी आजोबा आणि जावई बसतील. तुम्ही आणि लेक जा.