सुई आपली, मेज त्यांचे

काळ्या तबकडीचे दिवस संपले असे आपण सारे धरून चाललो होतो. आधी कॅसेट आली, मग सीडी आली, आणि आता तर हजारो गाणी खिशातल्या फोनमध्ये मावतात. तरीही आमच्यातील काही तरुण मुले-मुली आजोबांच्या कपाटातील ध्वनिमुद्रिका पुसून बाहेर काढतात आणि शनिवारी रात्री क्लबात नेऊन वाजवतात, ही आम्हांला आनंदाची गोष्ट वाटते. आनंदाबरोबर थोडी काळजीही वाटते. ती काळजी कोणती, आणि तिच्यावर उपाय काय, याविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

प्रश्न साधा आहे. तबकड्या वाजवणाऱ्या डीजेने क्लबात जाताना स्वतःबरोबर काय न्यावे? पुष्कळ जण म्हणतात, तबकड्या आणि हेडफोन नेले की झाले, बाकी सर्व तिथे असतेच. आमचे मत निराळे आहे. ते एका वाक्यात सांगता येईल. जे जे तबकडीला लागते ते ते आपले स्वतःचे असावे. जे जे जमिनीवर उभे राहते ते क्लबाने द्यावे, मात्र ते कसे आहे याची चौकशी आपण आठवडाभर आधी करावी.

तबलजी कार्यक्रमाला निघाला की हातोडी आठवणीने घेतो. बैठकीची सतरंजी यजमानाची असते, पण हातोडी तो कुणाकडे मागत नाही. झाकरीला निघालेली मंडळी ढोलकी तिथे गेल्यावर शोधत बसत नाहीत. मग तबकडीच्या कलावंतानेच आपली सुई दुसऱ्याच्या भरवशावर का सोडावी?

सुईचे महत्त्व वाचकांनी नीट समजून घ्यावे. तबकडीवरील चर केसाएवढी बारीक असते आणि तिच्या दोन भिंतींवर गाणे कोरलेले असते. सुईचे टोक हिऱ्याचे असते, पण हिराही झिजतो. झिजलेल्या टोकाला धार येते, आणि मग ती सुई गाणे वाचत नाही, चरीच्या भिंती तासू लागते. क्लबातील सुई किती रात्री चालली, किती जणांनी हाताळली, तिच्यावर किती वेळा पेय सांडले, याचा हिशेब कुणीही ठेवत नाही. सर्वांत वाईट म्हणजे हे नुकसान त्या रात्री कुणाच्या ध्यानातही येत नाही. एवढ्या मोठ्या आवाजात बारीक खरखर कोण ऐकणार? ती ऐकू येते पुढच्या रविवारी, घरी, शांत खोलीत, आणि तेव्हा काहीही करता येत नाही. चर एकदा तासली गेली की जगातला कोणताही कारागीर ती पुन्हा भरून देत नाही.

म्हणून पहिली वस्तू म्हणजे आपली स्वतःची दोन कार्ट्रिज, म्हणजे सुईसकट पुढचे डोके, आणि तिसरी एक सुई राखीव. क्लबातील बहुतेक टर्नटेबलांच्या हाताला पुढे एक कडे असते. ते फिरवले की जुने डोके निघते आणि आपले बसते. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ऑर्टोफोनची काँकॉर्ड जातीची डोकी सरळ त्या कड्यात बसतात. शुअर कंपनीची एम ४४-७ ही सुई एके काळी डीजे मंडळींची फार लाडकी होती. पण त्या कंपनीने २०१८ साली सुया बनवणे बंद केले. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी जपावी. नव्याने घेणाऱ्यांनी आज जी सहज मिळते आणि जिची बदली सुई मिळते, तीच घ्यावी.

दुसरी वस्तू म्हणजे सुईचा भार मोजणारा छोटा काटा. क्लबात वाजवण्याच्या पुष्कळशा सुयांना तीन ग्रॅमच्या आसपास भार लागतो. नक्की आकडा सुईच्या डबीवर छापलेला असतो. भार जास्त झाला तर चर लवकर झिजते, हे सर्वांना पटते. पण भार कमी झाला तरीही नुकसान होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हलकी सुई चरीत नाचते, भिंतींवर आपटते आणि उडते. सुई उडते म्हणून डोक्यावर नाणे चिकटवणारे काही उत्साही लोक आहेत. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, नाणे खिशात ठेवा आणि काटा बाहेर काढा.

तिसरी वस्तू म्हणजे तबकडीखाली घालायची नमद्याची गोल चकती, म्हणजेच स्लिपमॅट. खालची थाळी फिरत असताना हाताने तबकडी धरून ठेवता यावी, आणि योग्य ठोक्यावर सोडता यावी, यासाठी ती असते. या कलेचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. कूल हर्क या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी आपल्या बहिणीसाठी दिलेली पार्टी आज इतिहासात नोंदली गेली आहे. त्याचा जन्म जमैकाचा. त्याच्या मागोमाग ग्रँडमास्टर फ्लॅशने नमद्याच्या चकत्या तयार करून तबकडी हाताने खेळवण्याचे शास्त्र बसवले. त्याचा जन्म बार्बाडोसचा. म्हणजे दोघेही आमच्यासारखीच बेटावरची मुले. तेव्हा हे मोठ्या देशांतील श्रीमंतांचे खेळ आहेत, आपले नव्हेत, असे आमच्या वडीलधाऱ्यांनी समजू नये.

बाकीच्या वस्तू लहान आहेत, पण ऐन वेळी त्यांच्यावाचून अडते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि त्याला लागणारा ६.३ मिलिमीटरचा जाड प्लग. मोठ्या भोकाच्या ४५ च्या तबकड्यांसाठी मधली चकती, तीही दोन. धूळ काढायचा मऊ ब्रश, सुईसाठी वेगळा छोटा ब्रश, बारीक पेचकस, छोटी विजेरी, चिकटपट्टी आणि तारांची एक जोडी. ही सारी सामग्री एका जेवणाच्या डब्याएवढ्या पिशवीत मावते. वजन तबकड्यांचे असते. वेष्टनासह पाऊणशे-शंभर मोठ्या तबकड्या म्हणजे वीस-पंचवीस किलोंची पेटी होते. म्हणून निवड घरीच करावी. सगळे कपाट क्लबात नेण्याची गरज नाही.

आता क्लबाने काय द्यावे ते पाहू. टर्नटेबल दोन असावीत, आणि ती थेट मोटरवर फिरणारी असावीत. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र १९७२ साली बाजारात आणले आणि १९७९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. तीच पुढे जगभरच्या क्लबांत रुजली. त्यात मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी पट्टा नसतो, म्हणून थाळी क्षणात वेग धरते आणि हाताने थांबवली तरी बिघडत नाही. एका बाजूची सरकपट्टी वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करते, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके जुळवता येतात. २०१० साली कंपनीने हे यंत्र बंद केले होते, पण २०१६ पासून ते नव्या रूपात पुन्हा मिळू लागले. असे एक यंत्र जवळजवळ दहा किलोंचे असते. ते डीजेने खांद्यावरून आणावे ही अपेक्षा अयोग्य आहे. घरगुती, पट्ट्यावर चालणारा प्लेअर मात्र या कामाला चालत नाही, हे यजमानांनीही लक्षात घ्यावे.

मिक्सरला ‘फोनो’ असे लिहिलेली दोन दारे असावीत. सुईतून निघणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो, अवघ्या काही मिलिव्होल्टचा. शिवाय तबकडी कोरताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कोरतात. फोनोच्या दारामागील यंत्रणा ते पुन्हा मूळपदावर आणते. तीच तार ‘लाइन’ लिहिलेल्या दारात घातली तर आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ येतो. आजकाल पुष्कळ क्लबांत फक्त पेन ड्राइव्हवर चालणारी यंत्रे असतात. म्हणून नुसते ‘सर्व आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. कोणते यंत्र, किती, मिक्सर कोणता, त्याचा फोटो पाठवा, असे स्पष्ट विचारावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

टर्नटेबलामागे एक बारीक मोकळी तार लोंबत असेल तर ती पृथ्वीची तार होय. ती मिक्सरमागील स्क्रूला बांधावी लागते. नाही तर वीजप्रवाहाची घुंग रात्रभर गाण्याखाली वाजत राहते. काही नव्या यंत्रांत ही सोय आतच केलेली असते.

आणि मेज! मेज म्हणजे मेज, त्यात काय पाहायचे, असे वाटेल. परंतु ध्वनिवर्धकातील खर्ज जमिनीतून मेजात, मेजातून टर्नटेबलात आणि तिथून सुईत शिरतो. सुई तो पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवते. असे चक्र सुरू झाले की हत्तीच्या हुंकारासारखा आवाज वाढतच जातो. मेज जड व स्थिर असावे, ध्वनिवर्धक त्याच मेजावर नसावा, आणि टर्नटेबलाखाली स्पंज व त्यावर फरशीचा जड तुकडा घालावा. परीक्षा सोपी आहे. थाळी बंद ठेवून सुई तबकडीवर टेकवावी आणि आवाज हळूहळू रात्रीच्या पातळीपर्यंत न्यावा. घुमू लागले तर पाहुणे येण्यापूर्वीच कळते. यासाठी डीजेला तासभर आधी सभागृह मिळाले पाहिजे. हा हट्ट नव्हे, कामाचा भाग आहे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पेन ड्राइव्ह खिशात टाकावा आणि निघावे. ज्या गाण्यांना तो पुरतो त्यांच्यासाठी जरूर तसे करावे. पण या बेटावरील पुष्कळशी जुनी सेगा गाणी ४५ च्या छोट्या तबकड्यांवर निघाली आणि त्यांतील कित्येक पुन्हा कधी निघालीच नाहीत. मॉरिशसचा पारंपरिक सेगा २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला. २०१६ साली जिनेव्हाच्या बोंगो जो या संस्थेने हिंदी महासागरातील सत्तरच्या दशकातील सेगा गाण्यांचा ‘सोल सेगा सा’ हा संग्रह काढला. दूरचे लोक जी तबकडी शोधत फिरतात, ती आपल्या वाक्वा किंवा कात्र बोर्नच्या घरी, हिंदी चित्रपटगीतांच्या आणि मराठी भक्तिगीतांच्या तबकड्यांशेजारी, कपाटाच्या तळाशी पडून असू शकते. ती बाहेर निघावी, वाजावी, तिच्यावर नव्या पिढीने नाचावे. मात्र आजोबांच्या तबकड्या आणि क्लबाची बोथट सुई, असा आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याचा प्रकार होऊ नये.

म्हणून आणखी तीन सूचना. घरात जिची एकच प्रत आहे ती तबकडी बाहेर नेण्यापूर्वी तिची नक्कल संगणकावर उतरवून घ्यावी. वरच्या ओल्या हवेत बुरशी धरलेली तबकडी आधी स्वच्छ करून पूर्ण वाळवावी, आणि किनाऱ्याकडे जाताना पेटी उन्हातल्या मोटारीत ठेवू नये. तबकडी पापडासारखी वाकते. तिसरी सूचना ७८ च्या लाखेच्या तबकड्यांविषयी. त्यांची चर आजच्या तबकडीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते, आजची सुई तिच्या तळाशी घासत जाते, आणि हातातून निसटली तर तबकडीचे तुकडे होतात. त्या घरीच राहू द्याव्यात. त्यांची नक्कल क्लबात वाजवावी. त्यात कमीपणा नाही.

वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, कपाटाला कुलूप लावू नका. तबकडी मागायला आलेल्या नातवाला एवढेच विचारा, ‘सुई कुणाची?’ त्याने आपली पिशवी उघडून दाखवली तर निर्धास्तपणे तबकडी द्यावी. आणि क्लबवाल्यांना सांगणे असे की, वीस-पंचवीस किलोंची पेटी उचलून जो आपल्याकडे येतो, त्याला एक भक्कम मेज आणि एक मोकळा तास देणे अवघड नाही. एवढे झाले तर ही गाणी आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही ऐकता येतील, असा आमचा विश्वास आहे.