करार शेवटच्या पानापासून वाचा

महाराष्ट्रात शिक्षणसेवक म्हणून रुजू होणाऱ्या माध्यमिक शिक्षकाला दरमहा १८ हजार रुपये मानधन मिळतं, तेही २०२३ मध्ये झालेल्या वाढीनंतर. त्याआधी ते आठ हजार होतं. विनाअनुदानित शाळांत आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. अशा वेळी दुबई किंवा शारजातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेकडून चार-पाच हजार दिरहमचं पत्र आलं, की घरात आधी रुपयांत गुणाकार होतो आणि पाठोपाठ निर्णयही. त्यात शिक्षकाचा दोष नाही. पण त्या गुणाकारात कराराची फक्त एकच ओळ मोजलेली असते.

पगाराची ओळ वाचायला कुणी विसरत नाही. नोकरी सुटते त्या दिवशी काय घडेल, हे मात्र शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतं. शिक्षकाची कोंडी होते ती तिथेच. म्हणून परदेशी शाळेचा करार उलट्या बाजूने वाचायला हवा. आधी निरोपाची कलमं, मग कामाची आणि सगळ्यात शेवटी पगाराची.

संयुक्त अरब अमिरातीचंच उदाहरण घेऊ. तिथल्या खासगी क्षेत्राला लागू असलेला नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. सलग एक वर्ष काम केलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा पगार, त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचा. मात्र हा हिशेब एकूण पगारावर होत नाही, मूळ वेतनावर होतो. समजा, दोन शिक्षिकांना प्रत्येकी पाच हजार दिरहम मिळतात. एकीच्या करारात मूळ वेतन चार हजार आहे, दुसरीच्या करारात दोन हजार आणि बाकीचे भत्ते. दरमहा दोघींच्या खात्यात सारखीच रक्कम जमा होते. पाच वर्षांनी परतताना पहिलीला १४ हजार दिरहम मिळतात, दुसरीला सात हजार. हा फरक सही करताना कुणी समजावून सांगत नाही, आणि नंतर कळून उपयोग नसतो.

इथे आखातात राहून आलेल्या नातेवाइकांचा सल्ला घेतला जातो. तो प्रेमाने दिलेला असतो, पण बरेचदा जुना असतो. १९८० च्या कायद्यात बेमुदत करारावरच्या कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिला, तर पाच वर्षं पूर्ण होण्याआधी ग्रॅच्युइटीला कात्री लागत असे. नव्या कायद्यात ती कपात राहिलेली नाही. बेमुदत करारही गेले. आता करार मुदतीचाच असतो. त्यामुळे ‘राजीनामा दिलास तर सगळं बुडेल’ या भीतीने त्रास सोसत राहण्याचं कारण उरलेलं नाही.

परिविक्षेचा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असू शकतो. त्या काळात शाळेला काढायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिक्षकाला देश सोडून परतायचं असेल तरी १४ दिवसांचीच. तिथल्याच दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर एक महिन्याची. नोटीस न देता निघून गेल्यास वर्षभर नवा कामाचा परवाना मिळत नाही. परिविक्षा संपल्यावर नोटीस ३० ते ९० दिवसांची. मायदेशी परतीचा खर्च मालकाचा, पण कर्मचाऱ्याने दुसरी नोकरी धरली असेल किंवा करार त्याच्या चुकीमुळे संपला असेल तर नाही. ‘चूक’ म्हणजे नेमकं काय, हे करारात किती मोघम लिहिलं आहे, ते तपासावं. करार अरबीत आणि आणखी एका भाषेत असतो आणि वाद झाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून इंग्रजी प्रतीत वाचलेलं पुरेसं नाही. अरबी जाणणाऱ्या माणसाकडून दोन्ही पानं ताडून घेणं हा वायफळ खर्च नव्हे.

‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास व्हिसा आणि भरतीचा खर्च भरून द्यावा लागेल’ अशा अर्थाचं कलम दिसलं तर थांबावं. भरतीचा खर्च थेट किंवा आडमार्गाने कर्मचाऱ्याकडून वसूल करायला अमिरातीचा कायदा मनाई करतो.

हा प्रश्न फक्त आखातापुरता नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या सरकारी शाळांसाठी २००७ पासून साडेतीनशेहून अधिक फिलिपिनो शिक्षक आणले गेले. सुशिक्षित, अनुभवी, इंग्रजी उत्तम असलेली माणसं. भरती कंपनीने प्रत्येकाकडून सुमारे १६ हजार डॉलर उकळले, त्यासाठी अनेकांनी भरमसाट व्याजाने कर्ज काढलं. शुल्काचा पहिला हप्ता भरून झाल्यावर, म्हणजे माघारीची वाट बंद झाल्यावर, त्यांच्यापुढे दुसरा करार ठेवला गेला. दुसऱ्या वर्षीच्या पगारातले दहा टक्के कंपनीला द्यायचे! डिसेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात ज्यूरीने या शिक्षकांना ४५ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. त्याआधी २०११ मध्ये मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळा प्रशासनाला १,०४४ परदेशी शिक्षकांचे ४२ लाख डॉलर परत करावे लागले, कारण कायद्याने प्रशासनाने सोसायची व्हिसाची फी शिक्षकांनी भरली होती. शिकलेल्या माणसाला फसवता येत नाही, हा समज या दोन प्रकरणांनंतर तरी सोडायला हवा.

भारतातही याबाबत कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणीशिवाय कुणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही, आणि नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त शुल्क घेता येत नाही. एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधायला पाच मिनिटं पुरतात. जो लाखभर मागतो, त्याच्याशी पुढे बोलण्याची गरजच नाही.

दुबईला निघण्यापूर्वी अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर हातात हवं. पुढचा करार त्याहून कमी फायद्याचा असू शकत नाही. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, बाकीचं इथे बघू’ हे ऐकलं की नकार द्यावा, मग शाळा कितीही नावाजलेली असो. परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. पण धाड पडली तर शिक्षकाची नोकरी, व्हिसा आणि प्रतिष्ठा तिन्ही जातात.

मग कामाची कलमं. आठवड्याच्या तासिका किती, बस ड्युटी आणि शनिवारचे जादा वर्ग त्यात धरले आहेत का, जुलै-ऑगस्टच्या सुटीचा पगार मिळणार का, विमा फक्त शिक्षकाचा की कुटुंबाचाही, स्वतःच्या मुलांच्या फीत किती सवलत, हे आकड्यांत लिहून घ्यावं. ‘शाळेच्या धोरणानुसार’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते धोरण मागवावं. कराचंही भान हवं. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहून मग जानेवारीत रुजू झालेल्याच्या त्या तीन महिन्यांच्या परदेशी पगारावर भारतात कर लागू शकतो.

हे सगळं एकट्या शिक्षकाने, घाईत, मुलाखतीनंतरच्या दोन दिवसांत करावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. लुइझियानाच्या शिक्षकांमागे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही संघटना उभी राहिली, म्हणून त्यांचं प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचलं. महाराष्ट्रात शिक्षक संघटना बळकट आहेत, विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत. बदल्या आणि वेतनश्रेणीसाठी जी ताकद लागते तीच करार तपासून देणाऱ्या मदत कक्षासाठी लावता येईल. एक कामगार कायद्याचा वकील, एक अरबी जाणणारा अनुवादक आणि आखातात शिकवून परतलेले काही शिक्षक एवढ्यावर तो चालू शकतो. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, मुलाखती त्याआधीच्या महिन्यांत होतात. कक्ष सुरू करायचा तर दिवाळीच्या सुटीनंतर लगेच सुरू व्हायला हवा.