टंचाई स्त्रीबीजांची आणि विवेकाची

अमेरिकेतील ऑरेगॉन आरोग्य व विज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी त्वचेच्या पेशीपासून मानवी स्त्रीबीजे तयार केल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा वंध्यत्वाचा प्रश्न जणू सुटलाच अशा थाटात त्या वार्तेचे स्वागत झाले. वार्ता खरी आहे. स्वागत मात्र घाईचे होते. तयार झालेल्या ८२ बीजांपैकी फलनानंतर सहाव्या दिवसापर्यंत तग धरली ती सुमारे ९ टक्क्यांनी, आणि त्यांतही गुणसूत्रांची जुळणी सदोष होती. प्रत्यक्ष उपचारास निदान दहा वर्षे लागतील, असे खुद्द संशोधकांचेच म्हणणे आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दुसरीच गोष्ट खटकते. त्वचेच्या पेशीतील केंद्रक ज्या बीजात बसविले, ते बीज आले कोठून? ते एका स्त्रीने दिलेलेच होते. त्यातील मूळचे केंद्रक तेवढे काढून टाकले होते. म्हणजे एक बीज घडवावयाचे तर आधी दुसरे हवेच. टंचाई हटली नाही. फसलेल्या प्रयत्नांच्या हिशेबाने ती वाढलीच म्हणावयाची.

ह्या टंचाईचा भार कोणी वाहावा? आपल्या २०२१ च्या कायद्यानुसार २३ ते ३५ वर्षे वयाच्या स्त्रीला आयुष्यात एकदाच, आणि सातपर्यंतच बीजे देता येतात. विक्रीस मनाई आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु संप्रेरकांची इंजेक्शने आणि सुईने बीजे काढून घेण्याचा त्रास सोसावयास सुखवस्तू घरातील स्त्री सहसा पुढे येईल, असे मला वाटत नाही.

जपानी संशोधकांचा मार्ग निराळा आहे. सामान्य पेशीला मूलपेशीचे रूप देण्याची यामानाका यांची २००६ मधील युक्ती वापरून हायाशी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उंदराची स्त्रीबीजे घडविली. २०२३ मध्ये तर नर उंदराच्या पेशींपासून बीजे सिद्ध झाली. ६३० भ्रूणांतून ७ पिले जन्मली. माणसात हे साधले, तर दात्री स्त्रीची गरज खरोखरच संपेल. पण मग बीजे सातच कशासाठी, शंभर का नकोत? शंभर भ्रूणांतून एक निवडताना आई-बाप नेमके काय निवडतील? कायद्यातील सातची मर्यादा देणाऱ्या स्त्रीच्या शरीराला जपते; देणारीच उरली नाही, तर ह्या निवडीला ती लगाम घालू शकणार नाही.

अपत्यासाठी होणारी मागणी किमतीला जुमानत नाही; दागिने गहाण टाकूनही ती पुरी केली जाते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी मुंबईत पहिली नलिका-बालिका जन्मली, ती महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात. आज तो उपचार बहुतांशी खासगी दवाखान्यांत आहे. नवे तंत्र त्याच वाटेने जाऊ द्यावयाचे नसेल, तर सार्वजनिक रुग्णालयांतील संशोधनाची तरतूद आणि अप्रमाणित उपचारांच्या जाहिरातींवरील बंदी, ही दोन्ही कामे ह्याच दहा वर्षांत व्हावयास हवीत.