पोटातल्या गाठीला अंदाजाचे औषध नको!

मातृतीर्थ बुलडाणा जिल्ह्यातील एखादी शेतमजूर बाई ताप, पोटदुखी आणि घटते वजन घेऊन दवाखान्यात जाते. सोनोग्राफीत पोटात गाठी दिसतात, पाणी दिसते. डॉक्टर सांगतात, पोटाचा टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. आपल्या देशात टीबी अफाट असल्याने हा अंदाज अनेकदा बरोबरही निघतो. पण लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, हुबेहूब याच रूपात येतो. ताप तोच, रात्रीचा घाम तोच, गाठी त्याच. मग गोळ्या चालू राहतात आणि कर्करोग वाढत राहतो.

ही फसगत जुनी आहे. १८३२ साली थॉमस हॉजकिन यांनी या रोगाचा एक प्रकार नोंदवला. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी तो टीबीचाच अवतार मानला. १९०२ मध्ये डोरोथी रीड या तरुण महिला डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासून ते मत खोडून काढले. कालाम सुत्तात तथागतांनी हेच शिकवले आहे : कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा.

निर्णायक पुरावा आजही तोच आहे. गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी. पण ती कुणाच्या वाट्याला येते? पैसेवाला नागपूर, मुंबई गाठतो. संग्रामपूर, लोणारच्या मजुराचा मात्र एका खेपेतच आठवड्याचा रोज बुडतो. पैसेवाल्याला पुरावा आणि मजुराला अंदाज, ही आरोग्यातील वर्णव्यवस्था नव्हे काय?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळाले, तेव्हा आयसीएमआरची पथके धावून आली. डोक्यावरचे दिसले, पोटातले कोण पाहणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावर उपचार आहेत. पण रोगाचे नावच चुकले, तर त्या योजनेचे दार उघडणार कसे?

बुलडाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. नुसत्या पाटीने रोग कळत नाही. तेथे बायोप्सी मोफत आणि वेळेत झालीच पाहिजे. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते.

बांधवांनो, टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मात्र दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना निर्भयपणे विचारा : "गाठ तपासली का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.