शंका मुलीची की वॉर्डाची?

रुग्ण सहायक म्हणून वॉर्डात लागलेली मुलगी महिना-दोन महिन्यांत घरी सांगते, ‘मला नाही वाटत मी पुढे नर्सिंग करेन.’ यावर निकाल द्यायला दोन पक्ष तयारच असतात. पहिला म्हणतो, आम्ही म्हणतच होतो, हे सगळ्यांना झेपत नाही. ज्याला मुळात ओढ असते त्याला शंका येत नाही. दुसरा तिची समजूत घालतो: अगं, तू करतेस ते नर्सिंग थोडंच आहे? ती मावशींची कामं. एकदा सिस्टर झालीस की बेडपॅन सुटला. पहिला तिला घालवतो, दुसरा थांबवतो. वॉर्ड कसा आहे, हे मात्र दोघंही तिला विचारत नाहीत.

माझी सगळी नोकरी आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंगच्या वर्गात गेली. या दोन्ही पक्षांशी माझं जुनं भांडण आहे.

आधी ओढवाल्यांचं बघू. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि लवकरच तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, घरातून टाकलेल्या होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, यावर तेव्हाचं पुणं काय बोललं असेल ते वेगळं सांगायला नको. त्या बायकांपैकी कितीजणी ओढीने गेल्या असतील? बऱ्याचजणींपुढे पोटाचा प्रश्न होता. शंका तर पावलोपावली आली असेल. तरी मराठी मुलखात नर्सिंग रुजवलं ते अशा बायकांनीच. ओढ आधी आणि काम मागून, हा क्रम भाषणात शोभतो. वॉर्डात बहुतेकदा उलटं होतं.

शिवाय ‘शंका’ हा एकच शब्द घरच्यांच्या कानावर पडतो, त्याच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी असतात. किळस असते. पहिल्यांदा जुलाबाच्या पेशंटची चादर बदलून कुणी जेवायला बसलं आणि घास उतरला नाही, तर त्यात नवल काय? ती किळस बहुतेकींची काही आठवड्यांत जाते. भीती असते. आजीला उचलताना हाड मोडलं तर, कूस बदलताना सलाईनची सुई निघाली तर? ही भीती असलेली मुलगी मला हवी असते. जिला तसं काहीच वाटत नाही, तिच्या हाती मी पेशंट एकटा सोडणार नाही.

थकवा ही तिसरी गोष्ट, आणि तो गणिताचा भाग आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असावी, इतर रुग्णालयात पाचांमागे एक. प्रत्यक्षात चाळीस पेशंट, दोन सिस्टर आणि एक मावशी अशा रात्री मी काढल्या आहेत, आजही मुली काढतात. चाळिसांतले दहाजण अंथरुणाला खिळलेले धरा. दर दोन तासांनी कूस बदलायची तर बारा तासांच्या नाइटला साठ वेळा. प्रत्येक वेळी पाच मिनिटं लागली तरी पाच तास झाले, तेही दोन माणसांचे. मग औषधं कधी, बीपी कधी, कुणी हाक मारली तर जायचं कधी? सकाळी इन्चार्ज विचारते, ‘बेड नंबर आठची पाठ लाल कशी झाली?’ मुलगी मान खाली घालते आणि मनात ठरवते की मी या कामाची नाही. अगं, तू या कामाची आहेस. हे काम एवढ्या माणसांत होणारं नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं तिला सगळे ऐकवतात. पण हात बांधून पाण्यात टाकलेल्याला बुडताना बघून ‘याला पोहता येत नाही’ असं कोण म्हणतं?

दुसऱ्या पक्षाचा गोडवा जास्त घातक आहे. बेडपॅन, स्पंजिंग, बॅक केअर, भरवणं ही खालची कामं आणि इंजेक्शन, चार्ट ही वरची, अशी उतरंड लावली की मुलीला वाटतं, आपण नर्सिंगच्या दाराबाहेर उभ्या आहोत. 1859 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलने नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं ते मुख्यतः हवा, उजेड, स्वच्छता, खाणं, गोंगाट आणि निरीक्षण यांवर आहे. अंथरुणाने पाठीला जखम झाली, तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा, असं ती बाई स्पष्ट म्हणते. आणि ती पाठ बघणार कोण? माकडहाडावरचा लाल डाग बोटाने दाबायचा, उचलल्यावर क्षणभर पांढरा पडतो का बघायचं. पडला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर आत जखम सुरू झाली आहे, वर कातडी कितीही धड दिसो. हे स्पंजिंग करणाऱ्या हाताला आधी कळतं, राउंडला पायथ्याशी उभं राहून नाही.

केईएमच्या परिचारिकांनी हेच काम करून दाखवलं. त्यांच्यातलीच अरुणा शानबाग 1973 मध्ये रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराच्या हल्ल्यानंतर कायमची अंथरुणाला खिळली आणि 2015 मध्ये गेली. बेचाळीस वर्षं तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. 2011 मध्ये दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयापुढे तिची अवस्था आली, तेव्हा इतक्या वर्षांत तिला बेडसोअर नाही, याची दखल घेतली गेली. हे खालचं काम असेल तर वरचं कुठलं, ते मला कळवावं.

पण हेच उदाहरण 12 मेच्या परिचारिका दिनाच्या समारंभात मेणबत्त्या लावून सांगितलं जातं, तेव्हा माझ्या कपाळावर आठी येते. कारण त्याच्या मागून ‘ही सेवा आहे, पैशाचं काय बोलता’ हे येतं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगीतल्या नर्ससाठी, अगदी पन्नासहून कमी खाटा असल्या तरी, महिना किमान 20,000 रुपये सुचवले. शिफारस झाली, पण कितीतरी छोट्या नर्सिंग होममधल्या मुलींना ती ऐकूनसुद्धा माहीत नाही. सहायक तर तिच्यात धरलेलीच नाही. पगाराबद्दल कुरकुरणारी मुलगी सेवाभावात कमी पडत नाही. तिला भाडं भरायचं असतं.

मग सहायक असताना नर्सिंगचं काहीच दिसत नाही का? अर्धं दिसतं. पहाटे तीनला सहायक मुलगी सिस्टरला येऊन म्हणते, ‘बारा नंबरच्या आजोबांचे कपडे ओले झालेत, पण लघवीने नाही.’ सिस्टर उठते, कपाळाला हात लावते; घाम, गार अंग, बोलणं असंबद्ध. पहिला प्रश्न तिचा असतो: ‘रात्री जेवले होते का?’ उत्तर सहायकेकडेच असतं, कारण ताट तिनेच परत नेलेलं असतं. भात तसाच होता, आणि इन्सुलिन तर आधीच देऊन झालं होतं. ग्लुकोमीटरवर शुगर 48. पुढची धावपळ, डॉक्टरांना फोन, शिरेतून ग्लुकोज, हे सिस्टरचं. पण ओलसरपणातला फरक ओळखला नसता तर ती धावपळ सुरूच झाली नसती. त्या मुलीला ‘का’ माहीत नव्हतं, ‘काय’ बरोबर दिसलं होतं. ‘का’ शिकायचं ठिकाण म्हणजे नर्सिंगचा अभ्यासक्रम. ते शिकायच्या आधीच नर्सिंगबद्दल निकाल देणं घाईचं नाही का?

इथे एक सावधगिरी. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या तालुक्याच्या एसटी स्टँडभोवती पुष्कळ असतात. सहायकाचं प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन किंवा बीएस्सीची चार करावी लागतात, आणि बीएस्सीला बारावीला जीवशास्त्र लागतं. पुष्कळ मुलींची शंका खरं तर इथली असते: आपण फसलो तर नाही? ती शंका रास्त आहे. फी भरण्याआधी संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत शोधावं, मालकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मी मान्य करते. काहींनी खरंच सोडावं. पेशंट कण्हला की जिला राग येतो, आणि नीट झोप, पुरेशी माणसं, चांगली इन्चार्ज मिळूनही तो राग तसाच राहतो, तिने लॅबचा किंवा फार्मसीचा रस्ता धरावा. तिचंही भलं, पेशंटचंही. पण हे ठरवायला आधी ती झोप, ती माणसं आणि ती इन्चार्ज तिला मिळायला हवी. म्हणून मुली विचारायला येतात तेव्हा मी आधी वॉर्ड बदलून मागायला सांगते, जमलं तर मेडिसिनमधून बाळंतिणींच्या वॉर्डात किंवा ऑर्थोमध्ये. तिथे तीन महिने काढून पुन्हा ये म्हणावं, मग जीएनएमच्या फॉर्मचं बोलू.