छोट्या लायब्ररीच्या बाजूने, तिच्या भक्तांच्या विरुद्ध

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड, बेगडेवाडी करत घोरावाडीला थांबते आणि मग तळेगाव गाठते. या मार्गावरची स्थानके दाखवणारे एक साधे वेब पान करायचे आहे, असे समजू. प्रत्येक स्थानकाला एक एलिमेंट, त्याला ‘स्थानक’ हा क्लास, ‘घोरावाडी’सारखा स्वतःचा आयडी, आत नाव आणि गाडीच्या वेळा. जावास्क्रिप्टमध्ये हे हाताने लिहायचे तर आधी एलिमेंट तयार करा, मग क्लास लावा, मग आयडी लावा, मग आतल्या एलिमेंटसाठी तेच पुन्हा. त्याऐवजी ‘.स्थानक#घोरावाडी’ एवढी अक्षरे एका फंक्शनला दिली की तयार एलिमेंट हातात, अशी सोय करणाऱ्या चिमुकल्या लायब्रऱ्या आहेत. सीएसएसमध्ये एलिमेंट शोधायला जो सिलेक्टर लिहितात, तोच इथे एलिमेंट घडवायला वापरायचा. या कल्पनेवरचे बहुतेक आक्षेप मला पोकळ वाटतात. तिच्या भक्तांचा एक दावा मात्र त्याहून पोकळ आहे.

पहिला आक्षेप असा की एचटीएमएलचा मजकूर जोडून इनरएचटीएमएलमध्ये ओतला की काम होते, लायब्ररी कशाला? काम होते खरे. पण पानावर प्रवाशांनी लिहिलेल्या सूचनाही दाखवायच्या असतील आणि एखाद्याने सूचनेऐवजी चित्राचा टॅग पाठवून त्याला ‘ऑनएरर’ची शेपटी जोडली असेल, तर ब्राउझर ते वाक्य दाखवत बसत नाही, चित्र सापडले नाही की शेपटीतला कोड चालवतो. एक्सएसएस म्हणतात तो जुना रोग शिरण्याची ही एक नेहमीची वाट. एलिमेंट वेगळे घडवून मजकूर त्यात मजकूर म्हणूनच ठेवला, तर ही वाट बंद होते. पाचपन्नास ओळींची लायब्ररी नेमके हेच करते.

‘मग रिअ‍ॅक्टसारखी मोठी चौकट घ्या,’ असे दुसरे म्हणतात. एका यादीसाठी? ज्या पानावर वेळापत्रकापलीकडे काही बदलत नाही, तिथे कोड आधी रूपांतरित करण्याचा सगळा कारखाना उभारणे ही हौस झाली. तिला गरज म्हणू नये.

तिसरा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे: छोट्या लायब्रऱ्यांनी काय केले ते मार्च २०१६ मध्ये पाहिले ना! नावावरून झालेल्या वादात अझेर कोचुलू या प्रोग्रामरने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सामायिक कोठारातून आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होते. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा अवघ्या ११ ओळींचा कोड. पण त्याच्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर अडली. गोष्ट खरी आहे, निष्कर्ष खोटा. ११ ओळी होत्या म्हणून काही अडले नाही. त्या ११ ओळी कुणी आपल्याजवळ ठेवल्या नव्हत्या, दर वेळी दुसऱ्याच्या दारातून आणत होते, म्हणून अडले. छोटी लायब्ररी तर एका बैठकीत वाचून, पटली तर आपल्या प्रकल्पात उतरवून घेता येते. अवाढव्य चौकटीच्या बाबतीत हे कुणी करून दाखवावे.

याच माळेत आणखी एक मणी आहे. सिलेक्टरसारख्या अक्षरांतून एलिमेंट घडवणारी ‘हायपरस्क्रिप्ट’ लिहिणारे डॉमिनिक टार यांचेच ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज. सांभाळायला वेळ नाही म्हणून त्यांनी ते एका अनोळखी इच्छुकाच्या हाती दिले आणि २०१८ मध्ये त्यातून बिटकॉइनच्या पाकिटांवर डल्ला मारणारा कोड पसरला. तो मुख्य पॅकेजात थेट नव्हता, त्याला नव्याने जोडलेल्या दुसऱ्या पॅकेजात होता. म्हणून लायब्ररी लहान तर हवीच, पण तिच्या पोटात दुसरी लायब्ररी नको.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो फारसा कुणी घेत नाही. सिलेक्टर हा प्रश्न आहे, आज्ञा नव्हे. ‘असे असे कोण आहे?’ एवढेच तो विचारतो. ज्याचा पत्ता अमुक अक्षरांनी सुरू होतो असा दुवा शोधता येतो, पण घडवायचा तर पुढची अक्षरे कोणती घालणार? माउस ज्याच्यावर आहे असे एलिमेंट शोधता येते, घडवणार कसे? याचे उत्तर एकच: टॅग, आयडी, क्लास आणि ठाम किमतीचे अ‍ॅट्रिब्यूट एवढेच स्वीकारायचे आणि बाकी काहीही आले तर स्पष्ट चूक दाखवून थांबायचे. न कळलेला भाग गुपचूप गिळून अर्धवट एलिमेंट देणारी लायब्ररी मी घरात घेणार नाही.

आता भक्तांकडे. ‘दहा ओळींत होते,’ हा त्यांचा अभिमान. त्या दहा ओळींत बहुतेकदा रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-डब्ल्यू बसलेला असतो. जावास्क्रिप्टमध्ये त्याला इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोअर एवढेच दिसते. ‘.स्थानक’ त्याला दिसतच नाही. कुणी शहाणा सुधारणा म्हणून युनिकोडची ‘अक्षरे’ स्वीकारतो, तर ‘घोरावाडी’तला ‘घ’ घेऊन गाडी थांबते, कारण ‘ो’ ही मात्रा युनिकोडच्या लेखी अक्षर नाही, चिन्ह आहे. सीएसएसला मात्र हे नाव पूर्ण मान्य आहे. म्हणजे कोड लहान झाला तो आपली लिपी वगळून.

बचतीचा हा अभिमान जुनाच. नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखर या संस्कृत व्याकरणग्रंथात अर्ध्या मात्रेच्या बचतीने वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, अशा अर्थाची परिभाषा आहे. पण त्या वैयाकरणांची बचत भाषेतली रूपे वगळून केलेली नव्हती. रूप सुटले की सूत्रावर शंका उभी राही आणि टीकेवर टीका लिहिली जाई.

लायब्ररीची परीक्षाही तशीच कडक घेता येते, आणि ब्राउझरमध्ये तिची सोय तयार आहे. दिलेल्या सिलेक्टरमधून एलिमेंट घडवा आणि ‘मॅचेस’ या पद्धतीने त्याच एलिमेंटला विचारा: तू या सिलेक्टरमध्ये बसतोस का? उत्तर ‘नाही’ आले किंवा चूक फेकली गेली, तर लायब्ररी नापास. आधी ‘#घोरावाडी’ द्यावा. मग ‘#५’ द्यावा: देवनागरी पाचाने सुरू होणारा आयडी सिलेक्टरमध्ये चालतो, इंग्रजी पाचाने सुरू होणारा तसाच लिहिला तर चालत नाही, आणि लायब्ररीने हा फरक जसाच्या तसा पाळला पाहिजे. शेवटी मावळातल्या ‘दऱ्या’ द्याव्यात. हा शब्द कुणी ‘ऱ’ हे अक्षर वापरून टंकतो, कुणी ‘र’ला हलन्त करून अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, ब्राउझरला ते दोन वेगळे क्लास वाटतात. इथे मदतीच्या उत्साहात लायब्ररीने एकाचे दुसरे करू नये. जे दिले तेच लावावे. कोणता ‘ऱ्या’ टंकायचा, हे पान लिहिणाऱ्यांनी आपसात ठरवावे.