ग्रंथ आहे, पण सापडत नाही

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची थोरवी सांगताना प्रथम ग्रंथसंख्येचा आकडा सांगण्याचा प्रघात आहे. वार्षिक अहवालात, दीक्षान्त समारंभाच्या भाषणात आणि नॅक समितीपुढे मांडल्या जाणाऱ्या कागदपत्रांत तो ठळकपणे झळकत असतो. संशोधकाला मात्र या आकड्याचा फारसा उपयोग नसतो. त्याला लाखो ग्रंथ नको असतात. एक विशिष्ट अहवाल हवा असतो, एखाद्या नियतकालिकाचा एक जुना बांधीव खंड हवा असतो, आणि तोही प्रबंध सादर करण्याची मुदत संपण्यापूर्वी हवा असतो. ग्रंथ कपाटात असणे ही एक गोष्ट, तो वाचकाच्या हाती पडणे ही दुसरी. पहिलीसाठी थोडाफार पैसा आणि पुष्कळ समारंभ लाभले. दुसरीकडे लक्ष देण्यास महाराष्ट्रातील विद्यापीठांना सवड झाली नाही, असेच खेदाने म्हणावे लागते.

उदाहरण घेऊन पाहावे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला, तो पाहता पाहता पुणे व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल निघाला आणि १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याच परिसरातील आजच्या कर्जव्यवहारावर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या अहवालापासून आरंभ करावा, हे ओघानेच आले. तो तालिकेत शोध घेतो आणि रिकाम्या हाताने परततो. ‘डेक्कन रायट्स कमिशन’ या नावाने सर्वांना परिचित असलेल्या या अहवालाची नोंद, तालिकाशास्त्राच्या नियमानुसार, सरकारच्या नावाखाली केलेली असते. सरकारी अहवालाचा कर्ता सरकार, असे ते शास्त्र सांगते. शास्त्र म्हणून ते निर्दोष आहे. पण ही गोष्ट विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलीच नसते.

हीच गत अलीकडच्या अहवालांची. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाविषयी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४ साली सादर झाला. विदर्भ आणि मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा त्याचे नाव घेतल्याविना आजही पुढे सरकत नाही. परंतु ‘दांडेकर समिती’ हे लोकांच्या तोंडचे नाव. मुखपृष्ठावरचे नाव निराळे. तालिकेत ‘दांडेकर’ या नावापुढे त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासमवेत लिहिलेला १९७१ चा भारतातील दारिद्र्याविषयीचा प्रसिद्ध अभ्यास सापडेल, आणि आपल्या ग्रंथालयात समितीचा अहवाल नाही असा समज करून घेऊन विद्यार्थी निघून जाईल. अहवाल कदाचित चार मांडण्या पलीकडे असेल. गोरवाला समितीच्या १९५४ सालच्या ग्रामीण पतपाहणी अहवालाची कथाही वेगळी नाही. तो रिझर्व्ह बँकेच्या नावाखाली दडलेला असतो.

जमीनमहसुलाच्या आकारणीचे तालुकावार अहवाल ही तर महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाची खाणच होय. गावोगावचे पाऊसमान, पिके, बाजारभाव, गुरे, विहिरी, जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या किमती असा ऐवज त्यांत आहे. मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागदपत्रांच्या मालिकेत हे अहवाल छापले गेले. पुष्कळदा तालिकेत या संपूर्ण मालिकेची एकच नोंद असते. तिच्यातील कोणता क्रमांक इंदापूरचा आणि कोणता शिरूरचा, हे कपाट उघडून, धूळ झटकून, एकेक खंड चाळणाऱ्यालाच कळते. पुणे सार्वजनिक सभेच्या १८७८ पासून निघालेल्या त्रैमासिकाची अडचण आणखी निराळी. त्यात न्यायमूर्ती रानडे यांनी विपुल लेखन केले, परंतु ते निनावी. तालिका कितीही काटेकोर असली तरी छापलेच नाही ते नाव ती कोठून सांगणार? ते सांगायला जाणता माणूसच लागतो.

वर्गीकरणानेही विषय एका ठिकाणी येतो असे नाही. डीवी दशांश पद्धतीत अर्थशास्त्राचा वर्ग ३३०. परंतु पतपुरवठा ३३२ मध्ये, जमीन ३३३ मध्ये, शेतीचे तंत्र ६३० मध्ये आणि भारताचा इतिहास थेट ९५४ मध्ये. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला (ते गाव आता पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत हरवून गेले आहे), तो शेतीत ठेवावा, समाजशास्त्रात की अर्थशास्त्रात? तिन्ही ठिकाणी ठेवण्यास सबळ कारणे आहेत, पण प्रतीला बोधांक एकच देता येतो. वर्गीकरणकार निर्णय घेतो आणि उरलेल्या दोन वाटांनी येणारा वाचक चुकतो. तो चुकू नये म्हणूनच संदर्भ ग्रंथपाल नावाचे पद निर्माण झाले.

या पदाचे मोल भारतात ज्यांनी सर्वप्रथम ओळखले त्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी गणिताचे अध्यापन सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद स्वीकारले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांतील चौथ्या सूत्राचा विषय आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हे सूत्र विशेष जवळचे वाटावे. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात शोधालाही खर्च असतो आणि तो विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की माणूस शोध थांबवतो, हे दाखवून दिले. ते बाजारातील किमतींबद्दल बोलत होते, पण ग्रंथालयाला ते तंतोतंत लागू पडते. तालिका सदोष असेल आणि विचारायला माणूस नसेल, तर शोधाचा खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही. तो गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून पुण्या-मुंबईस येऊन, चार दिवस कोणाकडे तरी मुक्काम करून, तीन दिवस निव्वळ कोठे पाहावे हे शोधण्यात घालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. ज्याचा मार्गदर्शक जाणता आहे त्याचे निभावते. ज्याचा नाही, तो सहज मिळेल तेवढ्यावर प्रबंध लिहितो. मराठवाड्यातील शेतीविषयीच्या प्रबंधात मराठवाड्यातील एकाही जुन्या अहवालाचा उल्लेख नसतो, याचे कारण नेहमीच आळस हे नव्हे.

आता सारेच संगणकावर मिळते, मग या रडगाण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्यांश नाही असे नव्हे. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने २०२५ पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली केली, ही स्वागतार्ह घटना होय. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील अनेक दुर्मीळ ग्रंथ घरबसल्या वाचण्याची सोय केली, त्याबद्दल तर अभ्यासकांनी ऋणीच राहिले पाहिजे. परंतु त्या तेरा हजार नियतकालिकांत शिरूर तालुक्याचा आकारणी अहवाल नाही. परिणाम असा की विद्यार्थ्याला आफ्रिकेतील सूक्ष्म पतपुरवठ्यावरचा ताजा लेख क्षणार्धात मिळतो आणि आपल्याच तालुक्यातील सावकारीवरचा अहवाल तीन आठवड्यांतही मिळत नाही. त्याने कशावर लिहावे असे आपण अपेक्षितो?

मराठी साहित्याच्या बाबतीत तर संगणकाने जुन्या गोंधळात नव्याची भर टाकली. अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेत मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत भरली गेली. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव रोमन अक्षरांत किती प्रकारे लिहिता येईल याचा कोणीही घरी बसून प्रयोग करावा. नोंद करणाऱ्याने यांपैकी कोणता प्रकार पसंत केला हे ओळखल्याशिवाय ग्रंथ सापडत नाही. ‘शोधगंगा’त चढवलेल्या मराठी प्रबंधांपैकी पुष्कळ जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात, पण संगणकाला तो अक्षरांचा निरर्थक चुरा वाटतो. आणि अलीकडे यंत्राकडूनच संदर्भयादी तयार करून घेण्याची सोय झाल्यापासून, अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे शोध सुरू झाले आहेत. अशी यादी घेऊन देवघेव खिडकीपाशी आलेल्या विद्यार्थ्याला ‘हा ग्रंथ कोणी लिहिलेलाच नाही’ असे अधिकाराने सांगू शकेल अशी व्यक्ती खिडकीच्या पलीकडे हवी.

ती नाही, हेच खरे दुखणे आहे. अनुभवी ग्रंथपाल निवृत्त होतात आणि त्यांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात; जागा भरली गेलीच तर अकरा महिन्यांच्या कराराने, आणि करारावरच्या त्या तरुणाला संग्रहाची ओळख होऊ लागते न लागते तोच त्याची मुदत संपते. इमारतीला रंग दिला जातो, वाचनकक्ष वातानुकूलित होतो, ग्रंथालयाच्या नावात ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी भारदस्त भर पडते. संदर्भसेवेचे टेबल मात्र रिकामेच असते, किंवा त्यावर स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शिकांचे गठ्ठे असतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. विद्यार्थी त्यात उद्धरण-निर्देशांक शिकतो, वाङ्मयचौर्य ओळखायला शिकतो. हे आवश्यकच आहे. परंतु सरकारी अहवालाची नोंद कोणाच्या नावाखाली शोधावी, जिल्हा जनगणना पुस्तिका कोठे असतात, शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या कालखंडातील मराठी ग्रंथांची जी सूची दोन भागांत सिद्ध केली ती कशी वापरावी, हे त्याला कोण शिकवणार? एका व्यक्तीने ध्यास घेऊन दीडशे वर्षांच्या मराठी ग्रंथसंपदेचा मागोवा घेतला. संगणक, निधी आणि मनुष्यबळाचे तक्ते हाताशी असलेल्या आपल्या विद्यापीठांना स्वतःच्याच कपाटांतील सरकारी अहवालांची देवनागरी सूची करता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

या कामाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने सामाजिक शास्त्रांसाठी निदान एक पूर्णवेळ, कायम संदर्भ ग्रंथपाल नेमावा. आयोग आणि समित्यांचे अहवाल लोकप्रचलित नावांनीही शोधता येतील अशा पूरक नोंदी देवनागरीत कराव्यात. मालिकेतील प्रत्येक अंकाची स्वतंत्र नोंद करावी. आणि बाहेरगावच्या संशोधकाला दहा दाखले व तीन सह्या न मागता आठवडाभराचे वाचकपत्र द्यावे. पूरक नोंदींचे काम तर अर्थशास्त्र, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांतील एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करून घेता येईल. असल्या प्रकल्पांसाठी नवीन शैक्षणिक धोरणात श्रेयांकही आहेत. या विद्यार्थ्यांना कोणता खंड कोठे आहे हे दाखवू शकणारी जुनी पिढी अजून सेवेत आहे. तिच्यापैकी अनेकांची निवृत्ती जवळ येऊन ठेपली आहे. त्यांना निरोपाच्या शालीबरोबर एक कोरी वही आणि सहा महिन्यांची मुदतवाढ द्यावी, आणि त्या सहा महिन्यांत त्यांच्याकडून दुसरे कोणतेही काम घेऊ नये.